घोरणे : तक्रार शेजारची, दुखणे दोघांचे

एप्रिल-मे महिन्यांत अमळनेरच्या घरांच्या भिंती रात्री उशिरापर्यंत निवत नाहीत. ज्यांच्या घराला गच्ची आहे ते गाद्या वर नेतात, आणि मग कोणाच्या घरी कोण घोरते हे साऱ्या गल्लीला कळते. सकाळी त्यावर थट्टा होते, ‘शेठजींना काय गाढ झोप लागली होती’ असे म्हटले जाते आणि विषय तिथेच संपतो. शेठजींच्या पत्नीला रात्री झोप लागली की नाही, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

घोरणे म्हणजे गाढ, समाधानाची झोप, हा समज आपल्याकडे फार जुना आहे आणि तो दोघांचे नुकसान करतो. घोरणारा स्वतःला निरोगी समजतो. शेजारी जागे राहणाऱ्याला आपली तक्रार क्षुल्लक वाटू लागते. वस्तुतः झोप लागली की घशातील स्नायू सैल पडतात. मृदू टाळू, पडजीभ आणि जिभेचा मागचा भाग श्वासाच्या वाटेवर झुकतो. वाट अरुंद झाली की हवेला तिथून जोराने जावे लागते आणि सैल पडलेला भाग थरथरतो. त्या थरथरीचा आवाज म्हणजे घोरणे. माणूस उताणा झोपला तर जीभ आपल्याच वजनाने मागे पडते, म्हणून उताण्या झोपेत आवाज वाढतो. गळ्याभोवती साचलेली चरबी, चोंदलेले नाक, नाकातील वाकडा पडदा, वाढलेल्या गाठी, थायरॉइडची उणीव आणि वाढते वय ही त्यामागची नेहमीची कारणे. म्हणजे घोरण्याचा अर्थ एवढाच की श्वासाची वाट अपुरी पडते आहे. झोप चांगली लागली आहे की नाही, हे त्यावरून मुळीच कळत नाही.

जोडीदाराच्या झोपेचे काय होते, याचे मोजमापही झालेले आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९९ साली दहा जोडप्यांवरील एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. घोरणाऱ्यावर अर्धी रात्र उपचार केला गेला आणि त्या काळात शेजारी झोपलेल्या जोडीदाराची झोप मोजली गेली. अंथरुणावरच्या वेळेपैकी प्रत्यक्ष झोपेचा वाटा ७४ टक्क्यांवरून ८७ टक्क्यांवर गेला. रात्रभराच्या हिशेबाने ही जवळजवळ एक तासाची झोप होते. रोज एक तास म्हणजे वर्षाला सुमारे पंधरा पूर्ण दिवस. पहाटे उठून पाणी उकळून गाळणारी, मुलांचे डबे करणारी, सासूबाईंचे औषधपाणी सांभाळणारी गृहिणी एवढी झोप गमावत असेल, तर तिच्या चिडचिडीचे आणि डोकेदुखीचे कारण तिच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे आहे.

प्रताप मिलच्या या गावात कानात घालायला कापसाची वानवा कधीच नव्हती. पण साध्या कापसाच्या बोळ्याने घोरणे फारसे अडत नाही. औषधांच्या दुकानात मिळणारे मऊ फोमचे कर्णबोळे त्याहून पुष्कळ बरे. ते चिमटीत दाबून कानात सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. त्यांनी आवाज पुरता थांबत नाही, पण पुष्कळ बोथट होतो. दुसऱ्या खोलीत झोपणे हाही मार्ग आहे. दोन खोल्यांच्या घरात किंवा एकत्र कुटुंबात तो सोपा नसतो. नव्या सुनेने बैठकीत अंथरूण घातले तर सकाळी घरभर कुजबुज होते. तेव्हा ज्यांना जागा आहे त्यांनी हा निर्णय दोघांनी मिळून घ्यावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना कारण स्पष्ट सांगून टाकावे. रुसवा आणि निद्रा यांची गल्लत मग होत नाही.

परंतु कान बंद करण्याआधी काही रात्री नीट ऐकणे आवश्यक आहे. घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. या दुखण्याचा एकमेव साक्षीदार शेजारी असतो. घोरणे एकसारखे चालले आहे, की मध्येच अचानक शांत होऊन काही क्षणांनी मोठ्या हुंदक्यासारखा श्वास घेऊन पुन्हा सुरू होते, हे पाहावे. ती शांतता सुखाची नसते. त्या वेळी श्वासाची वाट पूर्ण मिटलेली असते, छाती वरखाली होत असते पण हवा आत जात नाही; रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि वाट उघडते. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. प्रत्येक वेळी किमान दहा सेकंद श्वास थांबणे किंवा फार मंदावणे, असे तासाला पाचपेक्षा कमी वेळा घडले तर ते सामान्य मानतात. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र. तीव्र रुग्ण रात्रीतून शेकडो वेळा असा अर्धवट जागा होतो आणि सकाळी त्याला त्यातले काहीही आठवत नाही. वर्षानुवर्षे हे चालले तर रक्तदाब चढा राहतो, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

हे दुखणे दूरदेशीचे नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ साली तो प्रसिद्ध केला. त्यात साडेएकोणीस टक्के पुरुषांत झोपेत श्वास अडण्याचा दोष आढळला आणि साडेसात टक्क्यांत त्याच्या जोडीला दिवसाची गुंगीही होती. ही माणसे आजारी म्हणून रुग्णालयात आलेली नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी इतर व्याधींबरोबर याच दुखण्याचे नाव घेतले आणि बहुतेकांनी ते त्या दिवशी प्रथमच ऐकले.

दिवसाची गुंगी ही दुसरी खूण. कर्मग्रंथांत दर्शनावरणीय कर्माच्या विवेचनात निद्रेचे पाच प्रकार येतात, त्यांपैकी बसल्या-उभ्या येणारी ती प्रचला आणि चालता चालता येणारी ती प्रचला-प्रचला. तेथील विचार आत्म्याच्या आवरणाचा आहे, वैद्यकाचा नाही. पण बसल्या जागी येणारी झोप वेगळी ओळखावी इतके त्या निरीक्षकांचे लक्ष सूक्ष्म होते. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली आठ प्रसंगांची एक प्रश्नावली केली, तीही नेमके हेच विचारते : वाचताना, दूरदर्शन पाहताना, सभेत बसले असता, तासाभराच्या मोटारप्रवासात, दुपारी आडवे झाल्यावर, कोणाशी बोलताना, जेवणानंतर स्वस्थ बसल्यावर, किंवा रस्त्यात गाडी थांबली असता डुलकी लागण्याचा संभव किती? प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज दहाच्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवावे. ही उत्तरे पतीने एकट्याने लिहू नयेत, पत्नीनेही लिहावीत. व्याख्यानात आपल्याला डुलकी लागली होती हे मान्य करणारा पुरुष विरळाच. धुळ्याच्या रस्त्यावर स्वतः गाडी चालवणाऱ्याने तर हा प्रश्न मुळीच टाळू नये.

आता उपाय. श्वास अडत नसेल, नुसतेच घोरणे असेल, तर घरच्या उपायांनी पुष्कळ फरक पडतो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कुशीवर झोपणे. आपल्या भाषेतला वामकुक्षी हा शब्दच डाव्या कुशीचा आहे, आणि श्वेतांबर परंपरेच्या संथारा पोरिसीतही हाताची उशी करून डाव्या कुशीवर निजण्याचा निर्देश आहे. झोपेत माणूस पुन्हा उताणा होतो, ही अडचण खरी. त्यासाठी जुन्या बंडीच्या पाठीला मधोमध खिसा शिवून त्यात एक चेंडू घालतात; उताणे होताच तो टोचतो आणि माणूस न जागता पुन्हा कूस बदलतो. काही आठवड्यांत सवय लागली तर चेंडू काढता येतो. पत्नीने रात्रभर कोपराने ढोसत राहण्यापेक्षा हे काम चेंडूने केलेले बरे.

वजनाचा संबंध फार निकटचा आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वर्षानुवर्षे चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००० साली आले. वजन दहा टक्के वाढले तर श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते, आणि दहा टक्के उतरले तर सुमारे २६ टक्क्यांनी कमी होते. ऐंशी किलोच्या माणसासाठी हा आठ किलोचा प्रश्न आहे. दिवसभर पेढीवर बसून राहणाऱ्याला, लग्नसराईत कचोरी आणि शेव नाकारणे ज्याला जमत नाही त्याला, ते सोपे नाही. पण दुसरा कोणताही घरगुती उपाय इतका फलदायी नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांत एक पथ्य आपोआप पाळले जाते : उशिरा केलेल्या भरपेट जेवणाने आम्ल घशापर्यंत चढते आणि घसा सुजतो, ते येथे टळते. मद्याने स्नायू आणखी सैल पडतात, तेही या घरांत नसते. झोपेची गोळी मात्र असते! सकाळी ताजेतवाने वाटत नाही म्हणून घोरणारा ती मागून घेतो, आणि अनेक गोळ्यांनी घशाचे स्नायू अधिकच ढिले पडतात. डॉक्टरांना घोरण्याची कल्पना दिल्याशिवाय ती घेऊ नये.

नाक चोंदत असेल तर वाफ आणि जलनेती उपयोगी पडतात. नेतीचे पाणी उकळून निववलेलेच हवे, जे या घरांत तयारच असते. नाकात तुपाचे दोन थेंब सोडण्याची रीत जुनी आहे. त्याने कोरडेपणा कमी होतो. घशातला अडथळा मात्र त्याने हटत नाही आणि तूप किंवा तेल सढळ हाताने ओतल्यास ते फुप्फुसात उतरून अपाय होऊ शकतो. ओठांना चिकटपट्टी लावून झोपण्याचा जो नवा प्रकार निघाला आहे, तो नाक बंद असणाऱ्याने करणे धोक्याचे. घोरणे थांबवणाऱ्या चुंबकी अंगठ्यांवर पैसे घालवू नयेत.

घशाच्या व्यायामांची गोष्ट याहून वेगळी. ब्राझीलमधील साओ पाउलोच्या संशोधकांनी ३९ रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. तीन महिन्यांच्या व्यायामाने घोरण्याची संख्या ३६ टक्क्यांनी आणि आवाजाचा एकूण जोर ५९ टक्क्यांनी उतरला. व्यायाम साधे आहेत : जिभेचे टोक टाळूला लावून मागे सरकवणे, संपूर्ण जीभ टाळूला चिकटवून वर ओढणे, टोक खालच्या दातांना टेकवून जिभेचा मागचा भाग खाली दाबणे, आणि ‘आ’ म्हणताना पडजीभ वर उचलणे. प्रत्येक वीस वेळा, रोज. जयपूरच्या डॉक्टरांनी तर शंख वाजवून पाहिला. तीस रुग्णांचा हा अभ्यास २०२५ साली आला; सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, किमान पंधरा मिनिटे शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची गुंगी सुमारे एकतृतीयांशाने कमी झाली. रुग्ण थोडे होते, तेव्हा यावर फार भिस्त ठेवू नये; पण नेमिनाथांचे लांछन असलेला शंख असाही उपयोगी पडावा, हे कौतुकाचे खरे.

श्वास अडत असेल तर घरच्या उपायांवर महिने दवडू नयेत. प्रथम नाक-कान-घशाच्या तज्ज्ञांना दाखवावे, गरज पडली तर धुळे वा जळगावला जावे, आणि पतीपत्नींनी सोबत जावे. जाण्यापूर्वी मोबाइलवर पाच-दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून न्यावे. जी शांतता शब्दांत सांगता येत नाही ती डॉक्टरांना त्यात ऐकू येते. पुढे रात्रभराची निद्रातपासणी होते. काहींच्या बाबतीत लहान यंत्र घरी आणूनही ती करता येते. मुलांचे गाठींमुळे, पडद्याच्या दोषामुळे काहींचे घोरणे शस्त्रक्रियेने सुधारते. काहींना दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी करून देतात. मध्यम व तीव्र दुखण्यावर मुख्य उपाय आहे सीपॅप. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोटर वापरून पहिले यंत्र बनवले आणि १९८१ साली पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. नाकावरच्या मुखवट्यातून येणारा हवेचा हलका दाब घसा उघडा ठेवतो, आणि घोरणे बहुधा पहिल्याच रात्री थांबते. मुखवट्याची सवय व्हायला मात्र काही आठवडे लागतात. पहिल्या चार रात्रींतच कंटाळून यंत्र कपाटात गेले, असे होते. दिवसा पुस्तक वाचताना अर्धा तास मुखवटा लावून बसल्यास ही सवय लवकर होते.

स्त्रियाही घोरतात, रजोनिवृत्तीनंतर अधिकच. पण संकोचाने त्या माहेरी राहणे टाळतात, यात्रेला जाणे टाळतात, आणि पतीही ते कोणाला सांगत नाही. डॉक्टरांपुढेही त्या ‘थकवा येतो’ एवढेच म्हणतात. तपासणी रक्ताची होते, झोपेची राहून जाते.

सीपॅप वापरणाऱ्या श्रावकाने पौषधाचा विचार आधीच करून ठेवावा. त्या रात्री वीज वापरायची नसते आणि यंत्र थांबले की घोरणे त्याच रात्री परतते. तीव्र दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारून आणि साधुसाध्वींच्या कानावर घालून मगच संकल्प करावा. शक्य असल्यास केवळ दिवसाचा पौषध करावा. यात्रेला जाताना यंत्र सोबत घ्यावे. धर्मशाळेत उशाशी विजेचे बटण असेल अशी खोली आधी सांगून ठेवावी, एक लांब वायर पिशवीत टाकावी, आणि वीज जाण्याचा संभव असेल तिथे बॅटरीचीही सोय पाहावी.