रीळ म्हणजे ब्रेक! मोठ्या ट्राउटसाठी फ्लाय रीळ कसं निवडायचं?

आज रील्सबद्दल नाही, रिळाबद्दल बोलायचंय. गळाच्या काठीला लावतात ते. एका श्रोत्याचा मेसेज होता, "दादा, हिमाचलला ट्राउट धरायला चाललोय. दोन-तीन हजारांपासून पन्नास हजारांच्या वरपर्यंत रिळं दिसतायत. नेमका पैसा कशाचा द्यायचा?" प्रश्न एकदम बरोबर आहे, म्हणून हा पूर्ण भाग त्यावरच.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. तुळजापुरात बसून ट्राउटच्या गप्पा कशाला? कारण ट्राउट आपल्याकडे होतच नाही. त्याला थंड, भरपूर ऑक्सिजन असलेलं, वाहतं पाणी लागतं. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याची दमछाक सुरू होते. आपली नळदुर्गची बोरी नदी एप्रिलमध्ये काय तापते ते तुम्हाला माहितीय. त्यामुळे आपल्यातल्या हौशी मंडळींना कुलूकडेच जावं लागतं. तिथलाही ब्राउन ट्राउट मूळचा तिथला नव्हे. इंग्रजांनी 1909 च्या सुमारास तो कुलूच्या पाण्यात सोडला. आज तीर्थन खोऱ्यात परवाना काढून तो धरता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा अंडी घालायचा काळ, तेव्हा बंदी असते. तिकीट काढायच्या आधी हे बघा.

रीळ नेमकं करतं काय?

फ्लाय फिशिंगमध्ये गळ म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजनच नसतं. म्हणून फेकायची असते ती जाड, वजनदार दोरी, आणि माशी तिच्या मागून जाते. या फेकीत रिळाचा काहीच वाटा नाही. रिळाला तीनच कामं: दोरी साठवणं, मासा पळाला की ब्रेक लावणं, आणि दोरी परत गुंडाळणं. लहान मासा तर हातानेच दोरी ओढून काढतात. रिळाची खरी परीक्षा मोठ्या माशालाच होते, आणि तीही दुसऱ्या कामात.

संक्रांतीला पतंग उडवलाय ना? पतंगाने खेच घेतली की आपण ढील देतो, पण फिरकी मोकळी सोडत नाही. बोटांचा दाब ठेवून सोडतो. दाब जास्त झाला तर मांजा तुटतो, अगदीच सोडला तर गुंता होतो. रिळात हा दाब देणाऱ्या यंत्रणेला ड्रॅग म्हणतात. बस, आख्खा भाग या एका शब्दाचा आहे.

"मॅक्स ड्रॅग 9 किलो" म्हणजे मोबाईलचे मेगापिक्सेल

माझा मावसभाऊ गेल्या वर्षी तीर्थनला गेला होता. रीळ ऑनलाइन घेतलेलं, बॉक्सवर मोठ्या अक्षरात "मॅक्स ड्रॅग 9 किलो". तिसऱ्या दिवशी एक मोठा ट्राउट लागला. मासा प्रवाहात वळला, पळाला, आणि रीळ क्षणभर अडकलं. फक्त क्षणभर. मग फिरलं, पण तोवर दोरा तुटला होता. मासा गेला, आणि तोंडात गळ घेऊन गेला. माणसाची ट्रिप वाया जाते हे ठीक आहे. पण त्या माशाने काय करायचं?

आता हिशोब बघा. दोरीच्या टोकाला जो बारीक पारदर्शक दोरा असतो, त्याला टिपेट म्हणतात. ट्राउटसाठी नेहमी वापरतात तो 5एक्स जाडीचा टिपेट साधारण दोन किलोच्या ताणाला तुटतो. नियम असा, की ड्रॅग टिपेटच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ठेवायचा. म्हणजे अर्धा किलो ते साडेसहाशे ग्रॅम. मग 9 किलोचं करायचं काय? ट्राउटच्या कामात ते कधीच वापरलं जाणार नाही.

बघायची गोष्ट वेगळी आहे: थांबलेलं रीळ फिरायला लागताना किती झटका देतं? तुम्ही ड्रॅग अर्धा किलोवर लावलाय, पण पहिल्यांदा हलायलाच दीड किलोचा ताण लागतोय, तर त्यात माशाचा हिसका मिळवा. दोरा तिथेच जातो. चांगल्या रिळात सुरुवातीचा ताण आणि नंतरचा ताण जवळजवळ सारखा असतो. जास्तीचा पैसा द्यायचा तो या गुळगुळीत सुरुवातीसाठी.

मधला दांडा जाड का हवा?

इथे इंजिनिअरिंग कामाला येतं. ब्रेकचा जोर चकतीवर असतो, पण दोरीवर येणारा ताण त्रिज्येवर ठरतो. समजा भरलेल्या रिळाची त्रिज्या 4 सेंटीमीटर आहे आणि ताण 500 ग्रॅम. माशाने बरीच दोरी नेली, त्रिज्या 2.5 वर आली, तर तोच ब्रेक आता 800 ग्रॅमचा ताण देतोय. तुम्ही नॉबला हातसुद्धा लावलेला नाही! वर पाण्यातल्या लांब दोरीचा ओढा वेगळाच.

उपाय म्हणजे लार्ज आर्बर, म्हणजे मधला दांडा जाड असलेलं रीळ. त्यात दोरी गेली तरी त्रिज्या फार कमी होत नाही. दुसरा फायदा गुंडाळण्यात. फ्लाय रिळात बहुतेक वेळा गिअर नसतात. हँडलचा एक फेरा म्हणजे रिळाचा एक फेरा. त्रिज्या 4 सेंटीमीटर असेल तर एका फेऱ्यात 25 सेंटीमीटर दोरी येते, 2 असेल तर साडेबारा. 30 मीटर आणायला 120 फेरे की 240? मासा अचानक तुमच्याकडे पळत आला तर हाच फरक कामाचा. दोरी सैल पडली की गळ सुटतो.

गिअर नाहीत याचा अजून एक अर्थ: मासा पळताना हँडल उलटं गरागरा फिरतं. तेव्हा हात बाजूला घ्या, नाहीतर बोटं सोलून निघतील.

बाकी काय बघायचं?

ड्रॅग सीलबंद आहे का? नदीत रीळ बुडणारच, वाळू आत गेली की गुळगुळीतपणा संपला. बॉडी ओतीव आहे की अखंड ॲल्युमिनियममधून कोरलेली? ओतीव स्वस्त असते, पण दगडावर आपटली तर वाकू किंवा तडकू शकते. कडा उघडी आहे का? उघडी असेल तर तळहाताने हलका दाब देऊन जास्तीचा ब्रेक लावता येतो. मुख्य दोरीच्या मागे 80-90 मीटर बॅकिंग, म्हणजे राखीव दोरा, मावायला हवा. आणि रीळ काठीच्या नंबरचं घ्या. ट्राउटला 5 किंवा 6 पुरतो.

भोकं असलेली जाळीदार रिळं दिसतात, ती फॅशन नव्हे. अमेरिकेत चार्ल्स ऑर्व्हिस यांनी 1874 मध्ये अशा रिळाचं पेटंट घेतलं. त्याने वजन घटतं आणि दोरी वाळते.

घरच्या घरी टेस्ट

प्रवासाची बॅग मोजायचा डिजिटल काटा घ्या. दोरीचं टोक त्याला बांधा, काठी मित्राच्या हातात द्या आणि गच्चीवर हळूहळू ओढा. रीळ हलायच्या क्षणाचा आकडा बघा, मग चालत ओढतानाचा बघा. दोन्ही जवळजवळ सारखे? घ्या. पहिला दुप्पट? परत पाठवा. रिटर्न पॉलिसी असतानाच हे करा. टेस्टनंतर ड्रॅग सैल करून ठेवा.

आणि आपल्या इथे?

हाच हिशोब कटला-रोहूसाठी वापरायच्या साध्या स्पिनिंग रिळालाही लागू आहे. आणि महसीरला तर नक्कीच. आपला दख्खनी महसीर, म्हणजे टॉर खुदरी, याचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केलं होतं. पुढे तो इतका घटला की लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवली जातायत. म्हणून महसीर लागला तर सोडून द्यायचा. आणि कुठल्याही तलावावर गळ टाकण्याआधी विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो.

सोडून द्यायचाय म्हणूनच चांगला ब्रेक हवा. मासा जितका जास्त वेळ झुंजतो तितका थकतो, आणि फार थकलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो. दोरा न तोडता, लवकर, ओल्या हाताने सोडता यावा, यासाठी रिळावर पैसे घालायचे.

तर मेसेज पाठवणाऱ्या भावा, बजेट कमी असेल तर 9 किलोचा आकडा आणि चकाकणारा रंग सोड. गुळगुळीत सुरुवात, जाड दांडा, सीलबंद ड्रॅग, याच क्रमाने बघ. काट्यावरचे दोन्ही आकडे मला पाठव, पुढच्या भागात त्यावर बोलू. आई राजा उदो उदो!