मोटारीतील सबवूफर : निवड आणि जोडणी

पखवाजाचा किंवा डग्ग्याचा घुमारा मोटारीच्या दारांतील लहान स्पीकरांना पूर्णपणे पेलत नाही. साधारण २० ते १०० हर्ट्झचे खोल स्वर उमटवण्याचे काम सबवूफरचे. तो निवडताना खोक्यावरील कमाल वॅटच्या आकड्याला भुलू नये; आरएमएस, म्हणजे सातत्याने पेलता येणारी शक्ती पाहावी. ॲम्प्लिफायर तिच्याशी आणि सबवूफरच्या ओहमशी जुळणारा असावा. बंद पेटीतील नाद आटोपशीर असतो. पोर्टची पेटी अधिक घुमते, पण डिकीतील जागा जास्त व्यापते.

जोडणीत खरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण भारावर सुमारे ४५ अँपिअर प्रवाह ओढू शकतो. बॅटरीपासून निघालेली तार पत्र्याला घासून सोलली गेली, तर आग लागण्याचा धोका असतो. म्हणून बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, तारेच्या क्षमतेनुसार फ्यूज बसवावा आणि पत्र्यातील छिद्राला रबरी कडे लावावे. अर्थिंगची तार आखूड ठेवून रंग खरवडलेल्या धातूवर घट्ट आवळावी. ध्वनीची केबल विजेच्या तारेपासून दूर न्यावी; अन्यथा अल्टरनेटरची शीळ गाण्यात मिसळते.

शेवटी लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास लावावा. सबवूफर वेगळा ऐकू आला नाही, पण बंद करताच गाणे पोकळ वाटले, तर जोडणी साधली असे समजावे.