कायदा रोजच्या जगण्यात – लेखांक ९ : अब्रू, आरोप आणि शाबिती

१७ जुलै १८८२ रोजी मुंबईत बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. टिळकांचा तुरुंगवास म्हटला की आपल्याला राजद्रोह आणि मंडाले आठवतं. पण त्यांचा पहिला तुरुंग अब्रुनुकसानीचा होता आणि फिर्यादी होते कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना, चौथ्या शिवाजी महाराजांना, वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यात बर्व्यांचा हात आहे, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ लिहीत होते. आधाराला बर्व्यांना गोवणारी काही पत्रं होती. ती बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले.

पुढे दीड वर्षाच्या आत, डिसेंबर १८८३ मध्ये, ते छत्रपती अहमदनगरला बंदोबस्तात असतानाच वारले. म्हणजे संपादकांना वाटणारी काळजी निराधार नव्हती. निराधार होता तो कागद. अब्रुनुकसानीच्या कायद्यात माणूस फसतो तो बहुतेक वेळा इथेच: आपल्याला मनापासून खरं वाटतं आणि आपण कोर्टात शाबीत करू शकतो, या दोहोंमध्ये जे अंतर राहतं तिथे.

मुंबईतच या खटल्याच्या वीस वर्षं आधी नेमकं उलटं घडलं होतं. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी १८६० मध्ये वैष्णव महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा दावा लावला. मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात जानेवारी १८६२ मध्ये सुनावणी सुरू झाली. करसनदासांच्या बाजूने साक्षीला जे उभे राहिले त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांनी महाराजांच्या आजाराबद्दल एक डॉक्टर म्हणून साक्ष दिली. आज एखादा डॉक्टर पेशंटबद्दल असं बोलला तर काय गहजब होईल, हा वेगळा विषय. पण आरोप खरा ठरवायला तेव्हा असा माणूस मिळाला. एप्रिलमध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला आणि खर्चापोटी ११,५०० रुपये त्यांना मिळाले.

पहिला खटला फौजदारी होता आणि दुसरा दिवाणी. आजही आपल्याकडे या दोन्ही वाटा उघड्या आहेत. फौजदारी वाट ठरवणारी भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ ला लागू झाली, म्हणजे करसनदासांवरचा दावा कोर्टात उभा राहिला त्याच महिन्यात. तिची कलमं ४९९ आणि ५०० आपण दीडशेहून अधिक वर्षं वापरली. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली. मजकूर बहुतांश तोच आहे: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. समाजसेवेची शिक्षा तेवढी नवी.

इंग्लंडच्या कायद्यात लेखी बदनामी वेगळी आणि तोंडी वेगळी. लेखीत २०१३ च्या कायद्याआधी नुकसान झालंच असं धरून चालत. तोंडीत काही अपवाद सोडता ते वादीला दाखवावं लागतं. छापील अक्षर टिकतं, बोललेलं विरून जातं, असा त्यामागचा विचार. आपल्या फौजदारी कायद्याने हा भेद ठेवलाच नाही. बोललेला शब्द, लिहिलेला शब्द, खूण, चित्र, सगळं एकाच कलमात. उपरोधाने केलेली बदनामीही बदनामीच, हे कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. ‘अमुक साहेब फारच प्रामाणिक, बंगला काय आपोआप उगवला!’ असं म्हणून सुटका होत नाही.

गुन्हा व्हायला मात्र तिसरा माणूस लागतो. एखाद्याला बंद पाकिटात चार शेलक्या शिव्या लिहून पाठवल्या तर अब्रुनुकसानी होत नाही. फार तर दुसरं एखादं कलम लागेल. तेच पत्र कार्यालयाच्या फळ्यावर लावलं की झाली. व्हॉट्सॲपच्या गटात टाकणं म्हणजे फळ्यावर लावणंच, आणि ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव नव्हे. पुढे पाठवणाराही मजकूर नव्या माणसांपर्यंत नेतच असतो. गटाच्या ॲडमिनचं काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये, अब्रुनुकसानीच्या नव्हे, दुसऱ्याच प्रकारच्या गुन्ह्यात, सांगितलं की सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला आरोपी करता येत नाही. त्यात त्याची सामील इच्छा दिसली पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. मी जे बोललो ते खरं असेल तर? दिवाणी दाव्यात खरेपणा सिद्ध झाला की दावा संपला. फौजदारीत तेवढ्याने भागत नाही. तिथल्या दहा अपवादांपैकी पहिलाच सांगतो की आरोप खरा असला पाहिजे आणि तो जाहीर करण्यात लोकहितही असलं पाहिजे. शेजाऱ्याच्या घटस्फोटाची खरी कारणं तुम्हाला ठाऊक असतील. ती सोसायटीभर सांगण्यात कोणाचं हित आहे? फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने पत्रकार प्रिया रमाणी यांना निर्दोष सोडलं. त्यांनी एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप केला होता. तो बोलण्यामागचं लोकहित कोर्टाने मानलं आणि बाईला अनेक वर्षांनंतरही तक्रार मांडता येते, हेही सांगितलं.

बाकीच्या अपवादांत सरकारी नोकराच्या कामाबद्दलचं मत, कोर्टाच्या कामकाजाचा खरा वृत्तांत, नाटक-पुस्तकाचं परीक्षण असं बरंच आहे. यांतल्या बहुतेकांना एक अट आहे: सद्भावना. इथे वाचक घसरतात. सद्भावना म्हणजे मन स्वच्छ असणं, असं आपण समजतो. कायदा मनात डोकावत बसत नाही. पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं म्हणता येणार नाही, अशी त्याची व्याख्या आहे. तुम्ही छापण्यापूर्वी किंवा बोलण्यापूर्वी काय तपासलं, कोणाला विचारलं, हेच कोर्ट पाहणार.

माझ्या मते सर्वसामान्य माणसाच्या सर्वांत कामाचा अपवाद आठवा. ज्याला एखाद्या माणसावर कायदेशीर अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार अब्रुनुकसानी ठरत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीने दुरुस्ती निधीचा हिशेब दिला नाही असं तुम्हाला वाटतं. तुम्ही सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तारखा, ठराव आणि पावत्यांच्या नकला जोडून अर्ज दिलात तर कायदा तुमच्या पाठीशी आहे. त्याच दिवशी लिफ्टपाशी ‘सेक्रेटरी चोर’ असा कागद चिकटवलात तर नाही. अर्जात पुढे काही चूक निघाली, तरी काळजीपूर्वक केला असेल तर तो बचावतो. लिफ्टपाशी चिकटवलेल्या कागदाला हा आसरा नाही. लोक मात्र आधी गटात टाकतात, मग वकिलाकडे येतात.

फौजदारी वाटेबद्दल एक मोठा गैरसमज आहे. अब्रुनुकसानीसाठी पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआर करता येत नाही. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. ज्याची अब्रू गेली त्याने स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद द्यायची असते. शिक्षा सहसा सौम्य असते, पण नेहमी नाही. मार्च २०२३ मध्ये सुरतच्या कोर्टाने राहुल गांधींना पूर्ण दोन वर्षांची, म्हणजे कमाल, शिक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचं खासदारपद गेलं. दोन वर्षांत एक दिवस कमी असता तर अपात्रता आली नसती, हे ऑगस्टमध्ये त्यांच्या दोषसिद्धीला स्थगिती देताना सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रह्मण्यम स्वामी खटल्यात ही कलमं घटनेला धरून आहेत असा निर्णय दिला. मला तो पटत नाही. दोन नागरिकांमधल्या अब्रूच्या भांडणासाठी तुरुंग कशाला? इंग्लंडने आपल्याकडचा हा गुन्हा २०१० मध्ये मोडीत काढला. त्यांनीच बसवलेलं कलम आपण नवा क्रमांक देऊन जपलं. पण कायदा आहे तसा आहे.

दिवाणी वाट भरपाईची. ‘शंभर कोटींचा दावा ठोकणार’ या बातम्या बहुतेक नोटिशीवरच थांबतात, कारण दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या मानाने कोर्ट फी भरावी लागते. पुण्यात मात्र शंभर कोटी खरोखरच मंजूर झाले. सप्टेंबर २००८ मध्ये ‘टाइम्स नाऊ’ने गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत भलत्याच न्यायमूर्तींच्या नावावर सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला, पंधराएक सेकंद. फोटो काढला गेला, पण जाहीर दिलगिरी लगेच आली नाही. एप्रिल २०११ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने पूर्ण रक्कम दिली. अपील चालू असताना हुकूम थांबवायचा तर वीस कोटी भरा आणि ऐंशी कोटींची बँक हमी द्या, असं उच्च न्यायालय म्हणालं. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. रक्कम अवाढव्य होती आणि तिच्यावर टीकाही झाली. पण चूक कळल्यावर दुरुस्ती किती लवकर आणि किती ठळक केली, हे कोर्ट फार बारकाईने पाहतं.

सरकारवर टीका केली तर? राजगोपाल खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकार किंवा सरकारी संस्था अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा लावू शकत नाही. अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल लिहिलेलं चुकीचं ठरलं, तरी खऱ्याखोट्याची फिकीर न करता ते छापलं हे त्याला दाखवावं लागतं. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर लिहिणाऱ्या तालुका पत्रकाराने हा निकाल माहीत करून घ्यावा.

मुदतीबद्दल थोडक्यात. दिवाणी दावा एक वर्षाच्या आत लावायचा, फौजदारी फिर्याद तीन वर्षांच्या आत. नोटीस पाठवल्याने यातली कोणतीही मुदत वाढत नाही. गेलेल्या माणसाच्या बदनामीबद्दल जवळच्या नातेवाइकांना फिर्याद करता येते, दिवाणी भरपाई मात्र मागता येत नाही. खटला तडजोडीने मिटवता येतो आणि बरेच मिटतात: नितीन गडकरींनी केलेली फिर्याद अरविंद केजरीवालांनी मार्च २०१८ मध्ये लेखी खेद व्यक्त केल्यावर मागे घेतली गेली.

अशी नोटीस तुमच्या हाती आली तर उत्तरात काय लिहावं आणि कोणतं वाक्य मुळीच लिहू नये, ते पुढच्या लेखांकात.