पायाखालची पिवळी वाट

आपल्या हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी रेल्वे स्थानकावरील १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे लोकार्पण १२ मार्च २०२३ रोजी झाले. गोरखपूरचा १,३६६ मीटरचा फलाट मागे पडला आणि जगातील सर्वांत लांब फलाट आपल्या गावाचा ठरला. हा फलाट पायी ओलांडायला सुमारे वीस मिनिटे लागतात. आता क्षणभर डोळे मिटा. जिना कुठे, आपला डबा कुठे, फलाटाची कड कुठे, हे अंध प्रवाशाला कसे कळावे?

मोबाईलमधील जीपीएस मोकळ्या रस्त्यावर उपयोगी पडते. पण त्याचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचे क्षीण संदेश छप्पर व भिंतींमुळे अडतात. म्हणून इमारतींच्या आत खांबांवर छोटे ब्लूटूथ प्रक्षेपक बसवतात. त्यांचा संदेश किती जोरदार येतो यावरून मोबाईल अंतराचा अंदाज घेतो आणि 'जिना जवळ आहे' असे बोलून सांगतो. मात्र गर्दीत संदेश क्षीण होतो व अंदाज काही मीटरने चुकू शकतो. फलाटाच्या कडेशी तर एका पावलाची चूकही महागात पडते.

तेथे कामी येतात पायाखालच्या पिवळ्या फरश्या. जपानच्या सेइची मियाके यांनी त्या १९६५ मध्ये शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवल्या गेल्या. उभ्या पट्ट्या म्हणजे 'पुढे चला', गोल उंचवटे म्हणजे 'थांबा, सावध व्हा'. पांढऱ्या काठीला व पावलांना ही भाषा कळते. साधी काठी गुडघ्याच्या वरचा अडथळा सांगत नाही. त्यासाठी आयआयटी दिल्लीने 'स्मार्टकेन' तयार केली. वटवाघळाप्रमाणे ध्वनिलहरी सोडून ती तीन मीटरपर्यंतचा अडथळा ओळखते आणि मूठ थरथरवून इशारा देते.

परंतु याच फरश्यांवर कोणी बोचकी ठेवली किंवा मोटारसायकल लावली, तर सारे शास्त्र वाया जाते. तेव्हा आपण तीन गोष्टी पाळूया. पिवळी वाट मोकळी ठेवूया. अंध व्यक्तीला आधी विचारूया, "मदत करू का?" हो म्हटल्यास तिला ओढत न नेता आपला कोपर धरू देऊया.

१५ ऑक्टोबर हा पांढरी काठी दिन. त्या दिवशी आपल्या शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत डोळे बांधून, मित्राचा कोपर धरून एकदा चालून पाहा. वाटेत काय काय आडवे येते त्याची यादी करा आणि ती शिक्षकांना व विश्वस्तांना द्या. सुधारणेची सुरुवात आपल्याच दारातून होऊ दे.