सरोजिनीनगरची लहरी ‘विजय’
लखनौहून कानपूरकडे जाताना सरोजिनीनगर लागते. इथल्या ‘स्कूटर्स इंडिया’ या सरकारी कारखान्यात एकेकाळी ‘विजय सुपर’ तयार होई. मूळची ही इटलीची लॅम्ब्रेटा! मिलानच्या इनोसेंटी कंपनीची यंत्रसामग्री विकत घेऊन १९७२ मध्ये ‘स्कूटर्स इंडिया’ स्थापन झाली.

पुण्याच्या बजाजची सवय असलेल्याला ‘विजय’ निराळीच वाटे. बजाजचे इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे तोल सांभाळावा लागे. ‘विजय’चे इंजिन मधोमध, वळणावर ती निर्धास्त चाले. स्वभाव मात्र लहरी! पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचे, चोक ओढायचा, मग किक. प्लगवर काजळी धरली की हात काळे करायचे. गिअरची केबल सैल झाली, तर डाव्या मुठीवरचा आकडा एक आणि गिअर भलताच! त्यामुळे मालक हळूहळू निम्मा मेकॅनिक होई.

१९९७ मध्ये इथले स्कूटरचे उत्पादन थांबले. २०२१ मध्ये केंद्र सरकारने कारखानाच बंद करण्याचा निर्णय घेतला. तिची नस ओळखणारे मेकॅनिकही आता थकले आहेत. तुमच्या वाड्यात, जिन्याखाली अशी ‘विजय’ धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्यांच्यापैकी एखाद्याला जरूर दाखवा.