नव्याचा सण आणि मराठी यहुद्यांची ग्रंथसंपदा

आज आश्विन शुद्ध प्रतिपदा. घरोघर घट बसले, देव्हाऱ्यापुढे अखंड दीप तेवू लागला आणि आमच्या अमडापुरात देवीच्या दर्शनाला भाविकांची रीघ लागली. सप्तशतीचा पाठ आटोपला, नैवेद्य झाला, की दुपारच्या निवांत वेळी घरात काय वाचावे, असे श्रोतेमंडळी मला दरवर्षी विचारतात. यंदा उत्तरादाखल काही निराळी पुस्तके सुचवीत आहे. ती आपल्या धर्माची नाहीत; परंतु आपल्या घरापासून दूरचीही नाहीत.

ज्या दिवशी आपण घट बसवितो, त्याच सुमारास पुष्कळ वर्षी यहुदी लोकांचा वर्षारंभ येतो. त्यांचे महिनेही चंद्रावर चालतात आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा तेही अधिक मास धरतात. कोकणातील मराठी यहुदी या वर्षारंभास ‘नव्याचा सण’ म्हणत. आपल्या दसऱ्याच्या आसपास, त्यांच्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, अन्नपाणी वर्ज्य करून प्रायश्चित्त घेण्याचा दिवस येतो. तो ‘दारफळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. ही नावे ऐकून कोणत्या मराठी गृहिणीस परकेपणा वाटेल?

हा समाज म्हणजे बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी तेलघाणे चालविले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. केहिमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांची आहेत. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सामुएल दिवेकर यांनी उभारले.

कीर्तनकार या नात्याने मला विशेष सांगावयाचे ते पुढेच आहे. १८८० च्या सुमारास मुंबईतील बेने इस्रायल मंडळींनी आपली नारदीय कीर्तनपद्धती उचलली. धर्मकथा अब्राहामाची किंवा योसेफाची. पण ती सांगावयाची मराठीत, साकी-दिंडीच्या चालींवर, आख्यान लावून. त्यांनी ही आख्याने छापून पुस्तिकाही काढल्या. ज्या परंपरेत मी आयुष्य घालविले, तिच्या अंगणात हा पाहुणा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी येऊन बसला होता, आणि आम्हा कीर्तनकारांपैकी किती जणांस त्याची वार्ता होती? मलाही ती साठीच्या उंबरठ्यावर कळली. तेव्हा प्रथम संकोच वाटला, आनंद मागाहून झाला.

आता वाचकांच्या आवडीप्रमाणे ग्रंथांचा विचार करू.

ज्यांना धर्मग्रंथांची ओढ आहे, त्यांनी ‘हग्गादा’ या ग्रंथाचा परिचय करून घ्यावा. वल्हांडणाच्या रात्री यहुदी कुटुंब एकत्र बसून तो वाचते. घरातील सर्वांत धाकटे मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारी मंडळी मिसरातील दास्यातून झालेल्या सुटकेची कथा सांगतात. मराठी अनुवादासह तो मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापला गेला. पुण्याच्या सचित्र आवृत्तीत सणाची भाकर करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसून बसलेल्या दिसतात. मुलाने विचारावे व वडिलांनी सांगावे, ही रीत आपल्या घरांतून क्षीण होत चालली आहे. ती पुन्हा जागी होण्यास हे उदाहरण उपयोगी पडावे.

इतिहासाच्या अभ्यासकांनी हाईम सामुएल केहिमकर यांचा बेने इस्रायलांचा इतिहास पाहावा. ग्रंथ इंग्रजीत आहे. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून झाला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रकाशित झाला. लेखकाला तो छापलेला पाहता आला नाही. सणांची वर उल्लेखिलेली मराठी नावे त्यात जपलेली आहेत.

काव्यप्रेमी तरुणांनी निसीम इझिकेल यांच्याकडे वळावे. मुंबईच्या या बेने इस्रायल कवीने इंग्रजीत लिहिले आणि ‘लॅटर-डे साम्स’ या संग्रहासाठी १९८३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविला. प्राचीन स्तोत्रांशी आधुनिक मन कसे वाद घालते, ते त्यात दिसते. इंदिरा संत यांच्या कवितांचा इंग्रजी अनुवादही त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह केला, हे मराठी वाचकाने विसरू नये.

कादंबरी वाचणाऱ्या भगिनींसाठी एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचेल’ आहे. कोकणातील दांडा गावी एकटी राहणारी वृद्ध रेचेल ओस पडलेले प्रार्थनामंदिर झाडून-पुसून राखते. मुले इस्रायलला गेली आहेत आणि मंदिराच्या जागेवर इतरांचा डोळा आहे. देवळाची दिवाबत्ती एकट्याने सांभाळणाऱ्या कोणत्याही गुरवाला ही कथा आपली वाटेल. या कादंबरीस २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. इंग्रजी न येणाऱ्यांनी शीला रोहेकर यांची ‘मिस सैम्युएल : एक यहूदी गाथा’ ही २०१३ ची हिंदी कादंबरी वाचावी.

स्वयंपाकात रस असणाऱ्यांसाठी एस्थर डेव्हिड यांचेच २०२१ मधील ‘बेने अपेतीत’ हे भारतीय यहुद्यांच्या पाककृतींचे पुस्तक आहे. मांसाबरोबर दूध न खाण्याचा त्यांचा नियम असल्याने या समाजात नारळाच्या दुधाचा वापर फार. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा नारळाच्या दुधातील हलवा करतात, आणि एलियाहू संदेष्ट्याच्या नावे पोहे, नारळ व गोड घालून मलिदा अर्पण करतात. हे दोन्ही पदार्थ आपल्या प्रसादाच्या ताटातही शोभतील.

भाविक घरात परधर्माचे पुस्तक ठेवावे काय, अशी शंका काही वडीलधाऱ्यांच्या मनात येईल. त्यांना नम्रपणे सांगतो, की श्रवणाने निष्ठा ढळत नाही. ढळते ती आपलेच न ऐकल्याने. शेजाऱ्याची भक्ती मराठीत ऐकून मला माझे आख्यान अधिक जपून मांडावेसे वाटले.

त्वरा करण्याचे कारणही आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास या समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि आज येथे काही हजारच उरली. तिकडे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले आणि स्त्रियांनी कीर्तनातील पदे गाऊन जपली. परंतु इकडे जुन्या पुस्तिका दुर्मिळ झाल्या. कोणाच्या माळ्यावर, एखाद्या ट्रंकेत अशी पुस्तिका आढळली, तर ती रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयात पोहोचवावी. दसऱ्याला आपण पोथ्यांची पूजा करतो. एका विसरलेल्या मराठी पोथीला आश्रय देणे, हीही सरस्वतीची पूजाच होय.

जगदंबा सर्वांना श्रवणाची रुची देवो.