कोडिंग येतंय, पण अनुभव नाही? नोकरी शोधताना हे लक्षात घ्या

कोल्हापूर : राधानगरी असो की चंदगड, व्हिडिओ बघून कोडिंग शिकलेली पोरं आता गावोगावी भेटतात. कुणी बीए, कुणी बीकॉम, कुणी आयटीआय केलेलं. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पायथन येतं. पण अर्ज टाकला की पहिला प्रश्न, ‘अनुभव किती?’ आणि गाडी तिथंच अडते.

मोठ्या आयटी कंपन्या नवखी मुलं बहुतेक कॉलेजमधूनच उचलतात. तिथं पदवी आणि टक्क्यांची अट असते. त्यामुळे एकच बायोडाटा रोज शंभर ठिकाणी टाकत बसणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यापेक्षा कोल्हापूर, सांगली, पुण्यातल्या दहा-वीस माणसांच्या कंपन्या शोधाव्यात. तिथं बऱ्याचदा मालक स्वतः मुलाखत घेतो आणि त्याला कागदापेक्षा काम बघायचं असतं.

दाखवायचं काय?

व्हिडिओ बघून केलेला कॅल्क्युलेटर नको. मुलाखत घेणाऱ्याने तसले ढिगानं बघितलेले असतात. त्यापेक्षा गावच्या दूध संस्थेचं काम घ्या. सकाळ-संध्याकाळचं संकलन, गाय-म्हैस वेगळी, फॅट आणि एसएनएफप्रमाणे दर, उचल आणि पशुखाद्याची कपात, मग दहा दिवसांचं बिल. हे प्रोग्रॅममध्ये बसवायला गेलं की खरे प्रश्न उभे राहतात. ऐन संकलनात लाईट गेली तर नोंद कुठं राहणार? सचिवाने ६.५ च्या जागी ६५ फॅट टाकलं तर? मध्येच दर बदलला तर जुन्या बिलाचं काय?

या प्रश्नांची उत्तरं ज्याने स्वतः शोधली, त्याच्याकडे मुलाखतीत बोलायला अर्ध्या तासाचा ऐवज असतो. संस्थांकडे असलं सॉफ्टवेअर आधीच आहे, हे खरं. पण इथं ते विकायचं नाही, दाखवायचं आहे. असं काम गिटहबवर ठेवावं आणि त्याची लिंक एका पानाच्या बायोडाटात वरच द्यावी. सभासदांची खरी नावं आणि खाते नंबर मात्र आधी काढून टाकावेत.

एआयकडून कोड लिहून घेतला तरी चालेल, पण ओळ न् ओळ समजली पाहिजे. ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ असं विचारलं की उसनं ज्ञान लगेच उघडं पडतं. आणखी एक, मोबाईलवर शिकता येतं, पण कामाला लॅपटॉप लागतोच. सेकंडहँडही चालतो.

पहिलीच नोकरी डेव्हलपरची मिळेल असं नाही. टेस्टिंग, ग्राहकांना सपोर्ट, कारखान्यात ईआरपी बसवून देणं, यातूनही आत शिरता येतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत स्टॉक आणि बिलिंग कसं चालतं हे ज्याला घरातूनच माहीत आहे, त्याला इथं फायदा होतो. तमिळनाडूत झोहो कंपनी बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन शिकवते आणि कामावर घेते. तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात तिचं ऑफिस आहे.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात शिक्षणाप्रमाणे महिना ६, ८ किंवा १० हजार रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. सध्या जागा आहेत का, हे महास्वयं पोर्टलवर बघावं.

बनावट अनुभवाच्या नादाला लागू नका

‘दोन वर्षांचा अनुभव कागदावर दाखवतो, एवढे पैसे द्या,’ असं सांगणारे एजंट फिरत असतात. घरची माणसं रान गहाण टाकून पैसे उभे करतात. पण कंपन्या कामावर घेतल्यावरही चौकशी करतात. पीएफच्या यूएएन खात्यात कुणी, कधी, किती महिने पैसे भरले हे दिसतं. जिथं पीएफच नाही, तिथं जुन्या कंपनीला फोन जातो. खोटं सापडलं की नोकरी जाते, आणि एजंटचा फोन तोवर बंद झालेला असतो.

डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचे पैसे आधी मागणारी ‘ऑफर’सुद्धा त्यातलीच. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम बँकेत थांबवता येण्याची शक्यता जास्त.